अकरावा नियम

संस्थेच्या नियमपुस्तिकेत एकूण चोवीस नियम होते. त्यांपैकी तेवीस हणमंतप्पांनी इतर सहकारी संस्थांच्या पुस्तिकांवरून उतरवून घेतले होते. अकरावा मात्र त्यांचा स्वतःचा होता: 'गटारविहिरीत माणूस उतरविण्यापूर्वी पेटता कंदील तळापर्यंत सोडून पाच मिनिटे ठेवावा. ज्योत टिकल्यासच माणसाने कमरेला दोर बांधून उतरावे.' हा नियम लिहिताना त्यांना एकही शब्द खोडावा लागला नव्हता. तो त्यांना तेरा वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात, लिंबाजी ओव्हाळाने शिकवला होता.

त्या साली हणमंतप्पा टंचाईच्या कामांवर ओव्हरसियर होते. वाशीच्या वाटेवरची एक जुनी, पडीक विहीर साफ करून घ्यायची होती आणि तिची खोली मोजायला ते टेप घेऊन स्वतःच उतरू लागले. तेवढ्यात विहीर खोदणाऱ्या टोळीतला एक काळासावळा, रुंद मनगटाचा गडी पुढे आला आणि त्याने सरळ त्यांचा दंड धरला. महारवाड्यातल्या माणसाने लिंगायत ओव्हरसियरचा दंड धरणे त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. 

"आप्पा, आदी दिवा जाऊ द्या," लिंबाजी म्हणाला. "दिव्याला बायकापोरं न्हाईत."

कंदील चाळीस फुटांवर पोचला आणि कुणी फुंकर मारावी तसा विझला. हणमंतप्पा विहिरीच्या काठावर बसून राहिले. नंतर कितीतरी दिवस त्यांना तो विझण्याचा क्षण आठवत असे. हैदराबादच्या तंत्रशाळेत तीन वर्षे काढलेल्या माणसाला जे ठाऊक नव्हते, ते या निरक्षर माणसाला ठाऊक होते. तेव्हापासून विहिरीच्या बाबतीत लिंबाजीचा शब्द त्यांनी अखेरचा मानला.

पंच्याऐंशी साली पुन्हा आभाळाने पाठ फिरवली, तेव्हा हणमंतप्पा कसबे निंबेगावच्या नगरपालिकेत होते आणि निवृत्तीला दीड वर्ष उरले होते. विहिरी आटल्या, तलावाच्या तळाला भेगा पडल्या. वाहत राहिला तो एकटा गटाराचा ओढा. सोळा हजार वस्तीचे गाव लांबच्या धरणातून नळाने येणाऱ्या पाण्यात आंघोळ करत होते, भांडी घासत होते, संडासात पाणी टाकत होते आणि ते सगळे पाणी गावाखालच्या ओढ्यातून वाया जात होते. ओढ्याच्या दोन्ही अंगांना अडतीस कुटुंबांच्या जमिनी होत्या. त्यांतल्या निम्म्या बौद्ध वस्तीच्या होत्या, कारण त्या वासाच्या जमिनी दुसऱ्या कुणी कधी मागितल्याच नव्हत्या.

त्या कुटुंबांची सहकारी संस्था निघाली आणि हणमंतप्पांनी तिच्यासाठी आराखडा काढला. पाणी आधी दोन टाक्यांत निवळायचे, मग ओढ्याकाठच्या अठरा फूट खोल सिमेंटच्या विहिरीत घ्यायचे आणि तिथून पंपाने उचलून शेतांच्या पाटात सोडायचे. टाक्यांतला गाळ शेणात कालवून गॅसच्या घुमटाखाली कुजवायचा. त्या गॅसवर थोड्या डिझेलच्या मदतीने पंपाचे इंजिन चालेल. म्हणजे गावाचेच सांडपाणी स्वतःला उचलून शेतात नेईल. सभासदांचे भाग, सरकारचे भागभांडवल आणि बँकेचे कर्ज अशी पैशांची जुळणी चेअरमन नानासाहेबांनी धाराशिवच्या फेऱ्या मारमारून केली होती. कर्जाचा दुसरा हप्ता मात्र बँकेच्या तपासणीसासमोर इंजिन गॅसवर चालल्यानंतरच मिळायचा होता. पहिल्या हप्त्यात विहीर, टाक्या आणि घुमट झाले होते. पाट अजून अर्धेच होते.

गटाराच्या पाण्यावरची भाजी गावात कुणी घेणार नाही, हे ठरल्यासारखेच होते. म्हणून सगळ्यांनी हत्तीगवत आणि लसूणघास लावला. त्या वर्षी चाऱ्याला सोन्याचा भाव होता.

"म्हशीला कुणी इचारत न्हाय, बाई, तू पाणी कुठलं पिलीस," असे लिंबाजी म्हणायचा. सभासदांच्या पहिल्या बैठकीत तो उभा राहून म्हणाला होता, "गाव जेवलं की आपलं रान जेवतंय. आता गावानं दोन घास जास्त खावं, येवढीच इनंती." नानासाहेबांनासुद्धा हसू आवरले नव्हते.

पंप चालवायला लिंबाजीलाच नेमले. त्याचा स्वतःचा एकर पाटाच्या तोंडाशी होता. दसऱ्याला त्यात घास उभा राहिला, तेव्हा त्याच्या बायकोने, म्हाळसाबाईने, दुसरी म्हैस घेतली. आजूबाजूचे रान तांबडे, उघडे आणि मधोमध तो हिरवा तुकडा; एस.टी.तून जाणारे लोक माना वळवून बघत.

जानेवारीतल्या एका सोमवारी पंप पाणी उचलेनासा झाला. तपासणीस गुरुवारी येणार होते. विहिरीच्या तळाशी, पाइपाच्या तोंडावरच्या जाळीत चिंध्या अडकल्या होत्या, हे लिंबाजीने इंजिनाच्या आवाजावरूनच ओळखले. सकाळचे दहा वाजले होते. हणमंतप्पा आले, नानासाहेब आले. दोर ओढायला चार गडी उभे राहिले. लोखंडी झाकण बाजूला केल्यावर असा भपकारा आला की नानासाहेबांनी नाकाला धोतराचा सोगा लावला.

लिंबाजीने कंदील सोडला. हणमंतप्पांनी मनगटावरच्या घड्याळात पाहून पूर्ण पाच मिनिटे मोजली.

"ज्योत कशी हुभी हाय बगा, आप्पा," लिंबाजी म्हणाला. "इहारातल्या बुद्धाम्होरच्या दिव्यावानी."

"उतर," हणमंतप्पा म्हणाले.

तो लोखंडी पायऱ्यांनी खाली गेला. गुडघाभर गाळात उभा राहून त्याने जाळीला हात घातला आणि एक लांबलचक चिंधी ओढून काढली. वर उभ्या असलेल्यांना तो चिंधीशी बोलत असल्यासारखा ऐकू येत होता. "ये, ये, बाहेर ये. कुणाच्या लुगड्याची गं तू?" गडी हसले. मग त्याने मान वर केली.

"आप्पा, मगाशी वास लई व्हता. आता येतच न्हाय."

"बरं झालं," हणमंतप्पांनी वरून सांगितले.

लिंबाजीने दुसऱ्यांदा जाळीला हात घातला, गाळ ढवळला गेला आणि तो खाली बसला. एखादा दमलेला माणूस बांधावर बसतो, तितक्या सहज बसला. हणमंतप्पांनी दोनदा हाक मारली. मग ते ओरडले, "ओढा!"

दोर कमरेला होता म्हणून त्याच्यामागे आणखी कुणी उतरले नाही. चौघांनी त्याला वर घेतला, तेव्हा त्याचे डोळे उघडे होते आणि श्वास थांबला होता. हणमंतप्पांनी त्याची छाती दाबली, पालथा घालून पाठ चोळली. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत जीपमध्ये त्याचे डोके मांडीवर घेतले. दवाखान्यातून ते परत आले तेव्हा दुपार झाली होती. विहिरीचे झाकण उघडेच राहिले होते. त्यांनी वाकून पाहिले. तळाशी कंदील अजून जळत होता.

त्याच संध्याकाळी नानासाहेब त्यांच्या घरी आले. नानासाहेब वाईट माणूस नव्हते. या योजनेसाठी त्यांनी स्वतःची दोन एकर जमीन बँकेकडे तारण ठेवली होती आणि लिंबाजीच्या मयतीचा खर्च त्यांनी कुणाला न सांगता केला होता. ते खुर्चीच्या हातावर बोट घासत बसले.

"अहवाल तुमचा जाणार, आप्पा. बँकेलाही आणि पालिकेलाही."

"हो."

"नियम पाळून माणूस मेला असं लिहिलं, तर बँक विचारणार, मग तुमची विहीरच घातकी आहे का? हप्ता थांबला. पाट थांबले. मार्च उलटला की मंजुरीच संपली. अडतीस घरांची जनावरं चैत्रात कुठं न्यायची?" मग ते म्हणाले, "लिंबाजी घाईत होता. कंदील न सोडता उतरला. एवढं एक वाक्य. गडी आपले आहेत. त्याच्या भावाला, सिदूला, मी लगेच पंपावर घेतो, कायम. घर उघडं पडणार नाही."

हणमंतप्पांनी रात्रभर विचार केला असे म्हणता येणार नाही, कारण दिवेलागणीपूर्वीच त्यांनी सही केली होती. चाळीस वर्षे त्यांनी मापात एक इंचही खोटे लिहिले नव्हते. हे वाक्य लिहिताना त्यांनी स्वतःला सांगितले की हे मेलेल्याविरुद्ध नाही, जगणाऱ्यांसाठी आहे. आणि जगणाऱ्यांत म्हाळसाबाईसुद्धा आहे. वाक्य लहान होते. 'मयताने नियम ११ चे पालन केले नाही.'

गुरुवारची तपासणी आठ दिवस पुढे ढकलली गेली. लिंबाजीच्या मरणानंतरचा जलदान विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी हणमंतप्पा सिदूचे नेमणूकपत्र घेऊन ओव्हाळांच्या घरी गेले. सिदू तिशीचा होता, दोन लेकरांचा बाप. आजवर रोजंदारीवर राबलेला. छापील कागदावर स्वतःचे नाव त्याने पहिल्यांदाच पाहिले होते. त्याने पत्र दोन्ही हातांनी घेतले, कपाळाला लावले आणि वस्तीत दाखवायला म्हणून तसाच बाहेर पडला.

म्हाळसाबाई ओट्यावर बसली होती. तिने हणमंतप्पांना पाणी दिले. ते पाणी प्याले. मग ती म्हणाली,

"आप्पा, लोक म्हणत्यात, ह्यांनी कंदील सोडला न्हाय."

हणमंतप्पांनी रिकामा तांब्या ओट्यावर ठेवला.

"माज्या लग्नाला अठ्ठावीस वर्सं झाली. रानातल्या घागरभर आडात उतरायचं असलं तरी आदी दिवा. मी चेष्टा करायची, म्हनलं तुमी माडीवर चढतानाबी कंदील सोडसाल. आन् त्या दिशी सोडला न्हाय?" तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी काठावर व्हता. मला कागदाचं नगं. मला सांगा."

"सोडला होता," हणमंतप्पा म्हणाले. "मी घड्याळ लावून बघितलं. मीच उतर म्हणालो."

"इझला न्हाय?"

"नाही. त्याला वर काढल्यावरही जळत होता."

म्हाळसाबाईने पदर तोंडाशी नेला. तिला एवढेच ऐकायचे होते असे हणमंतप्पांना वाटले आणि ते उठू लागले. पण तिने पदर खाली घेतला, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

"म्हंजी तितं जे काय व्हतं, ते कंदिलाला कळलंच न्हाय."

"तसंच म्हणावं लागेल."

"आन् जाळी आजून तुंबलेलीच हाय."

"हो."

"मंग उद्या सिदू उतरनार." ती सावकाश, एकेक शब्द मोजत बोलत होती. "तुमच्या कागदानं सगळ्यास्नी काय सांगितलं? का लिंबानं कंदील सोडला न्हाय म्हनून मेला. म्हंजी सोडला आस्ता तर वाचला आस्ता. सिदू कंदील सोडंल. ज्योत हुभी दिसंल. त्यो हसत उतरंल, आप्पा. भावापरीस शाना म्हनून उतरंल." मग तिने त्यांच्याकडे पाहिले. "ही नोकरी द्यायला कमिटीत कुनाचा भाऊ घावला न्हाय व्हय?"

हणमंतप्पा घरी गेले आणि त्यांनी माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली घेतली. तिच्यात हैदराबादची पुस्तके होती. मलनिस्सारणाच्या उर्दू पुस्तकातले शेवटचे दोन धडे त्यांच्या वर्गात शिकवलेच गेले नव्हते. "अपने मुल्क में गटारां कहाँ हैं मियाँ, आगे चलो," म्हणून मास्तरांनी पाने उलटली होती आणि वर्ग हसला होता. ती पाने अजून एकमेकांना चिकटलेली होती. हणमंतप्पांनी ती पट्टीने सोडवली आणि चष्मा लावून वाचू लागले. कुजलेल्या गाळात एक वायू कोंडून असतो, तो गाळ ढवळताच सुटतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होते आणि वास येईनासा होतो. दिव्याची ज्योत त्याने मंदावत नाही. पुढे असेही लिहिले होते की अशा जागी दुसराही एक, पेट घेणारा वायू साचतो. म्हणून उघडा दिवा तिथे कधीही नेऊ नये.

'आता येतच न्हाय.' 'बरं झालं.'

पुस्तक मिटून ते टेबलाशी बसले. त्यांनी दुसरा अहवाल लिहिला. पहिल्या अहवालातले वाक्य आपण जाणूनबुजून खोटे लिहिले, हे त्यांनी पहिल्याच परिच्छेदात नमूद केले. मयताने नियमाचे पूर्ण पालन केले. दोष नियमाचा आहे, व तो नियम निम्नस्वाक्षरीकाराचा आहे. तीन प्रती केल्या.

सकाळी ते विहिरीवर पोचले, तेव्हा झाकण बाजूला झाले होते. सिदू नवा खाकी शर्ट घालून काठावर उभा होता आणि त्याने कंदील पेटवलेला होता. नानासाहेब होते. दोराशी तेच चार गडी होते.

"सिदू, आधी तो विझव आणि मागं हो," हणमंतप्पा म्हणाले.

"का वो आप्पा? पाच मिन्टं मोजून ठिवतो की. दादावानी घाई न्हाय करनार."

"तुझ्या दादानं घाई केली नव्हती." त्यांनी त्याच्या हातातून कंदील घेतला आणि फुंकून विझवला. मग गड्यांना झाकण ओढायला लावले, खिशातले कुलूप कड्यात अडकवले आणि अहवालाची प्रत नानासाहेबांच्या हातात दिली.

नानासाहेबांनी उभ्याउभ्या वाचले. दोन पाने वाचायला त्यांना फार वेळ लागला.

"बँकेला गेलं?"

"पहिल्या गाडीनं गेलं."

"उपाय काय ह्यावर?"

"हवा मारणारा पंखा, दुसरं झाकण, वरूनच जाळी उचलता येईल अशी साखळी. तीन महिने लागतील."

"आपल्याकडं दोन आहेत." नानासाहेबांनी कागदाची बारीक घडी घातली. "चांगलं काम केलंत, आप्पा. आता त्या अडतीस घरांत जाऊन सांगा. मी नाही सांगणार."

हणमंतप्पांनी सांगितले. तीन दिवस ते घरोघर गेले आणि प्रत्येक ओट्यावर उभे राहून सारे पहिल्यापासून समजावले. लोकांनी ऐकून घेतले. पुष्कळांना ते पटलेसुद्धा. एका म्हातारीने तर त्यांना चहा पाजला आणि विचारले, "मंग आता गवताला पाणी कवा?"

हप्ता थांबला. मार्च संपताच मंजुरी रद्द झाली. पालिकेने हणमंतप्पांवर खात्याची चौकशी लावली. तिची उत्तरे त्यांनी मुद्देवार दिली. सिदूचे नेमणूकपत्र संस्थेने परत मागून घेतले. पंप बंद, म्हणजे पंपावरचा माणूस कशाला? लिंबाजीच्या मरणाची भरपाई वरच्या कचेरीत अडकली होती आणि तिच्यासाठी हणमंतप्पांनी धाराशिवला चार अर्ज स्वतः नेऊन दिले. गावाचे पाणी पूर्वीसारखे ओढ्याने वाहू लागले. फाल्गुनात घास पिवळा पडला. हत्तीगवताची पाने आधी टोकांनी, मग देठापर्यंत वाळली. ती कापून जनावरांना घातली गेली आणि ती संपल्यावर जनावरे बाजारात निघाली.

चैत्रातल्या एका सकाळी म्हाळसाबाईच्या दोन्ही म्हशी वाशीच्या बाजाराला जायच्या होत्या. हणमंतप्पा भरपाईच्या पाचव्या अर्जावर तिचा अंगठा घ्यायला आले होते. तिने अंगठा दिला आणि बोट लुगड्याला पुसले.

"तुमी खरं लिवलं," ती म्हणाली. "ह्यांचं नाव साफ झालं. ते मी इसरनार न्हाय. पर आता हितं येत जाऊ नगा, आप्पा. लोक म्हणत्यात, हिनं आप्पाला शिकवलं आन् समद्यांचं रान जाळलं. तुमी आला की पुन्ना म्हणत्यात. आन् तुमाला बगितलं की मला त्ये काठावरलं घड्याळ दिसतंय."

"बरं," हणमंतप्पा म्हणाले.

सिदू म्हशींचे दावे सोडत होता. तो आणि त्याचे बिऱ्हाड त्याच दिवशी बार्शीकडे खडी फोडायला निघणार होते. म्हैस अडून बसली होती. तो तिला ओढत होता, ती हलत नव्हती. हणमंतप्पांना जाताना पाहून त्याने दावे टाकले आणि तो रस्त्यात येऊन उभा राहिला.

"नोकरी व्हती माज्या हातात," तो ओरडला. "छापील! दादा मेला, ते तुमच्या नियमानं मेला. मला जगायचा कागद गावला, तर त्योबी तुमच्याच कागदानं गेला. तुमचं काय जातंय वो? तुमाला पेन्शन हाय, माज्या लेकरांस्नी खडी हाय!" त्याला आणखी पुष्कळ बोलायचे होते. आई-बापावरून, जातीवरून, हैदराबादच्या शिक्षणावरून तो बोलत राहिला. शेजारपाजारचे दारांत आले. म्हाळसाबाईने दोनदा "सिदू" म्हणून हाक मारली.

सिदूला बोलता बोलता धाप लागली. तो कमरेवर हात ठेवून थांबला, त्याने मोठा श्वास घेतला, छाती भरून घेतला आणि पुन्हा ओरडायला सुरुवात केली. अर्जाचा कागद हातात धरून हणमंतप्पा उन्हात उभे राहिले आणि त्याचे सगळे बोलणे संपेपर्यंत ऐकत राहिले.